अ‍ॅलन वाइल्डर: दुसऱ्याच्या गाण्याला घडवणारा माणूस

डेपेश मोड या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक बँडच्या अल्बमांवर गीत-संगीत म्हणून जवळपास सगळीकडे मार्टिन गोअरचं नाव आहे आणि आवाज डेव्ह गहानचा आहे. मग १९९५ मध्ये बँड सोडून गेलेल्या कीबोर्डवादकाबद्दल, अ‍ॅलन वाइल्डरबद्दल, जुने चाहते इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात? त्याने नेमकं केलं काय, ते ऐकायचं कुठे, आणि त्याचा 'रिकॉइल' हा स्वतंत्र प्रकल्प ऐकायला सुरुवात कुठून करायची, असा प्रश्न आहे. मी स्वतः संगीत संयोजन आणि कीबोर्ड प्रोग्रॅमिंग करतो. या कामात ज्यांच्या रेकॉर्डिंगांवरून मी सर्वाधिक शिकलो, त्यात वाइल्डरचं नाव पहिलं घेईन. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

गोअर गाणं लिहायचा. ते गाणं ऐकणाऱ्याच्या कानावर कोणत्या क्रमाने, कोणत्या आवाजात आणि कशाच्या पाठोपाठ पडेल, हे बऱ्याच अंशी वाइल्डर ठरवायचा. श्रेयनामावलीत शब्द आणि चाल मोजली जाते, संयोजन मोजलं जात नाही. म्हणून कागदावर त्याचा वाटा दिसत नाही, पण कानाला तो प्रत्येक मिनिटाला जाणवतो.

वाइल्डरचा जन्म १९५९ चा, लंडनचा. लहानपणापासून पियानोचं रीतसर शिक्षण, पुढे एका स्टुडिओत टेप ऑपरेटरची नोकरी आणि दोन-तीन छोट्या बँडमध्ये वाजवणं. १९८१ च्या अखेरीस व्हिन्स क्लार्क डेपेश मोडमधून बाहेर पडला. पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी त्याची होती, त्यामुळे एसेक्समधल्या बॅसिल्डनच्या या बँडचं आता काय होणार, अशीच चर्चा होती. 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात जाहिरात आली: सिंथेसायझर वाजवणारा हवा, वय एकविसाच्या आत. वाइल्डर तेव्हा बावीस वर्षांचा होता. वय कमी सांगून तो गेला आणि १९८२ च्या सुरुवातीला दौऱ्यापुरता बँडमध्ये आला. त्या वर्षीच्या 'अ ब्रोकन फ्रेम' अल्बमसाठी मात्र त्याला स्टुडिओत घेतलं नाही, कारण उरलेल्या तिघांना आपल्या बळावर अल्बम करून दाखवायचा होता. त्याचा हात पहिल्यांदा ऐकू येतो तो जानेवारी १९८३ च्या 'गेट द बॅलन्स राइट!' या सिंगलवर.

चौघांत संगीताची शास्त्रशुद्ध तालीम झालेला तो एकटा. पण ही तालीम त्याने बोटांची सफाई दाखवायला वापरली नाही. पियानोवर बाखपासून शिकलेल्या माणसाला एक सवय लागते: प्रत्येक हात स्वतंत्र ओळ गातोय असं ऐकण्याची. सुरुवातीच्या डेपेश मोडमध्ये एक धून, खाली बेस आणि मध्ये ठेका, एवढाच संसार होता. वाइल्डर आल्यावर मूळ चालीच्या विरुद्ध अंगाने जाणारी दुसरी ओळ आली, मग तिसरी. १९८३ चं 'एव्हरीथिंग काउंट्स' ऐका. शेवटाकडे किती वेगवेगळ्या ओळी एकत्र चालतात आणि तरी एकीचा पाय दुसरीत अडकत नाही, हे बघण्यासारखं आहे.

त्याच वर्षीचा 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन' हा अल्बम म्हणजे सँपलरशी, बाहेरचा आवाज साठवून तो कळीवर वाजवू देणाऱ्या यंत्राशी, झालेली खरी ओळख. निर्माता डॅनियल मिलर आणि साउंड इंजिनिअर गॅरेथ जोन्स यांच्यासोबत मंडळी बांधकामाच्या जागी जाऊन लोखंड, पत्रे, नळ्या बडवून आवाज गोळा करायची आणि ते सिंक्लेव्हियर, एम्युलेटर यांसारख्या यंत्रांमधून कळीवर आणायची. 'पाइपलाइन' हे अख्खं गाणं अशाच आवाजांवर उभं आहे. मिक्सिंग बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झालं. या अल्बममध्ये 'टू मिनिट वॉर्निंग' आणि 'द लँडस्केप इज चेंजिंग' ही दोन गाणी वाइल्डरची स्वतःची आहेत, आणि पुढच्या 'सम ग्रेट रिवॉर्ड'वर 'इफ यू वाँट' आहे. मी त्याचा चाहता आहे, तरीही सांगतो, गीतकार म्हणून तो साधारण आहे. ती गाणी नीट बांधलेली आहेत, पण गोअरच्या गाण्यासारखी मनात घर करत नाहीत. त्यालाही ते कळलं असावं. १९८६ नंतर त्याने बँडसाठी गाणी लिहिणं थांबवलं आणि सगळा जीव आवाजात आणि बांधणीत ओतला. डेपेश मोडचं पुढचं मोठेपण त्या निर्णयात आहे, असं माझं मत आहे.

१९८६ च्या 'ब्लॅक सेलिब्रेशन'मधलं 'स्ट्रिप्ड' घ्या आणि हेडफोन लावून फक्त सुरुवात ऐका. खालून एक जड, धापा टाकल्यासारखी घरघर येते. तो मोटरसायकलच्या इंजिनाचा आवाज आहे, गाडी जागेवर उभी असतानाचा, सँपलरमध्ये घेऊन खालच्या कळीवर वाजवलेला. त्याच्या जोडीला गहानच्या पोर्शे गाडीचं इंजिन सुरू होण्याचा आवाज आहे. त्या काळच्या सँपलरमध्ये आवाज खालच्या सुरात नेला की तो संथही व्हायचा, कारण सूर आणि काळ एकमेकांना बांधलेले असायचे. इंजिनाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं आणि जी घरघर होती तिचा ठेका होतो. शिवाय आठ बिटांच्या एम्युलेटरमध्ये इतकं खाली गेल्यावर वरची चमक जाते, आवाजाला खरखरीत, ओलसर पोत येतो. आज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सूर न बदलता वेग बदलता येतो, ही सोय आहे खरी, पण 'स्ट्रिप्ड'चा तो पोत यंत्राच्या मर्यादेतूनच आलेला आहे.

त्यानंतर गाणं सुरू होतं आणि हे इंजिन जात नाही, गाण्याच्या पोटात चालूच राहतं. गंमत म्हणून दोन सेकंद वाजवून सोडून दिलेला तो आवाज नाही. वाइल्डरने वापरलेला बाहेरचा आवाज गाण्यात कामाला लागतो: ठेका धरतो, बेस होतो नाहीतर एखाद्या ओळीचं उत्तर देतो. नव्या प्रोग्रॅमरांच्या कामात मला हीच गोष्ट सगळ्यात आधी सापडत नाही. विचित्र आवाज पुष्कळ असतात, त्यांना नेमून दिलेलं काम नसतं.

रंगमंचावरची त्याची कामगिरी याच्याइतकीच मोठी आणि त्याहून कमी बोलली जाणारी. गाण्याच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये चाळीस-पन्नास थर असतील तर तीन माणसांनी कीबोर्डवर ते वाजवायचे कसे? काही भाग टेपवर जायचा, ते बँडने कधी लपवलं नाही. उरलेलं वाइल्डर बसून वाटायचा. एका कीबोर्डवर डावीकडच्या चार कळांवर ठोके, मधल्या पट्टीत तंतुवाद्यांचा आवाज, उजवीकडे एक शिट्टी, एका कळीवर आख्खा कोरस. पुढच्या गाण्याला तीच कळ वेगळंच काही वाजवणार. कोणाच्या हाताला काय झेपेल, कोणता हात कधी मोकळा असेल, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. 'एकशे एक' या १९८९ च्या माहितीपटात वाइल्डर स्वतः कीबोर्डवरचे हे आवाज कॅमेऱ्यासमोर वाजवून दाखवतो. कीबोर्ड वाजवणाऱ्या प्रत्येकाने तो भाग पाहावा. हा माहितीपट डी. ए. पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी केला, आणि त्याचा शेवट कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या रोझ बोल मैदानावर १८ जून १९८८ ला झालेल्या मैफलीचा आहे. साठ हजारांहून जास्त लोक, आणि मंचावर ना गिटारवाला बँड, ना ड्रम सेट. त्या काळात अमेरिकेत हे धाडसच होतं.

तिथे गाजलेलं 'नेव्हर लेट मी डाउन अगेन' हे १९८७ च्या 'म्युझिक फॉर द मासेस'मधलं. त्या अल्बमवर सहनिर्माता डेव्ह बॅस्कोम होता. या गाण्याच्या शेवटच्या मिनिटाबद्दल एवढंच सांगतो: शब्द संपत आलेले असतात आणि तिथूनच संगीत फुगायला लागतं. समूहस्वर, त्यावर तंतुवाद्यांची चढती ओळ, खाली तेच अवजड ड्रम. गाणाऱ्याने सांगितलं नाही ते वाद्यं सांगतात. त्याच अल्बमच्या अखेरीचं 'पिंफ' हे केवळ वाद्यांचं, पियानोच्या एका छोट्या आकृतीवर थर चढवत नेलेलं, आणि त्यात बांधकाम कसं करायचं याचा धडाच आहे.

आता 'व्हायोलेटर'. १९९० चा हा अल्बम ऐकल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही. मिलान आणि डेन्मार्कमध्ये रेकॉर्डिंग झालं, निर्माता फ्लड होता आणि बहुतांश मिक्सिंग फ्रँस्वा केव्होर्कियनने केलं. यातल्या 'एन्जॉय द सायलेन्स'ची कहाणी चाहत्यांना पाठ आहे, पण ती कानाने तपासून बघता येते हे फार थोडे करतात. गोअरने आणलेलं गाणं हार्मोनियमवर गायलेलं, संथ, जवळजवळ प्रार्थनेसारखं होतं. वाइल्डरने सुचवलं की याला वेग द्यावा, ठेका द्यावा. गोअरला ते पटेना. गाणं शांततेबद्दल आहे, त्याला नाचायला लावायचं कशाला, असा त्याचा मुद्दा होता आणि तो चूक नव्हता. शेवटी फ्लड आणि वाइल्डर यांनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि गाण्याचा नवा सांगाडा उभा केला. त्यावर गोअरने गिटारची ती प्रसिद्ध ओळ वाजवली आणि गहान गायला.

१९९० च्याच एका बारा इंची सिंगलवर 'हार्मोनियम' नावाने गोअरच्या मूळ कल्पनेजवळची आवृत्ती आहे. ती आधी ऐका, मग अल्बमवरची. अंतऱ्यात सी मायनरनंतर ई फ्लॅट मायनर येते. ही कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) गाण्याच्या स्केलमध्ये बसत नाही, तिथे पाय घसरल्यासारखं होतं. ही गोअरची कमाल आहे, आणि चाल घडवण्यात त्याची बरोबरी बँडमध्ये कोणीच करू शकत नव्हतं. संथ आवृत्तीत या जागेवर नुसतं दुःख वाटतं, जे आपण आधीपासून धरूनच चाललेलो असतो. वेगवान आवृत्तीत खाली ठेका निश्चिंतपणे पुढे पळतोय आणि वर ही कॉर्ड येते, म्हणजे शरीर पुढे जातं आणि मन अडखळतं. गाण्यातली अस्वस्थता त्या विसंगतीतून तयार होते. वाइल्डरला ती विसंगती आधी ऐकू आली, ही त्याची प्रतिभा. हे गाणं ब्रिटनमध्ये सहाव्या आणि अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि १९९१ च्या ब्रिट पुरस्कारांत सर्वोत्तम ब्रिटिश सिंगल ठरलं.

आणखी एक गोष्ट याच गाण्यात पाहा. पहिला अंतरा आणि दुसरा अंतरा शेजारी शेजारी ठेवून ऐका, गहानच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून. शब्द बदललेत, चाल तीच आहे, पण खालचं सामान हललेलं आहे. कुठे बेसचा एक सूर लांबलाय, कुठे मागे आवाजांचा थर आलाय, कुठे आधी असलेलं काहीतरी काढून घेतलंय. वाइल्डरच्या काळात डेपेश मोडच्या गाण्यात दुसरा अंतरा पहिल्याची नक्कल सहसा नसतोच. कॉपी-पेस्ट तेव्हाही होत होतं, नोंदवलेले सूर आपोआप वाजवणारे सिक्वेन्सर होतेच. ते टाळायला बसून कान द्यावा लागतो, आणि स्टुडिओत रात्र उलटून गेल्यावरही कान देणारा माणूस बँडमध्ये सहसा एकच असतो.

फ्लड नसता तर 'व्हायोलेटर' असा झाला नसता, हेही तितकंच खरं. अ‍ॅनालॉग सिंथेसायझरला जिवंत ठेवण्याची, फिल्टर हाताने फिरवत रेकॉर्ड करण्याची त्याची पद्धत पूर्ण अल्बमभर आहे. डॅनियल मिलरचे उपकार तर पहिल्या दिवसापासूनचे. बँडमधला चौथा, अँडी फ्लेचर, स्टुडिओत फार वाजवत नसे, पण बँड टिकवून ठेवण्यात त्याचा हात होता. वाइल्डरचं कौतुक करताना बाकीच्यांना खाली खेचणारे चाहते मला पटत नाहीत. गोअरचं गाणं हाताशी नसतं तर घडवायला काय असतं?

१९९३ चा 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन' हा माझ्या मते वाइल्डरचा शिखराचा अल्बम आहे, 'व्हायोलेटर'हूनही वरचा. सर्वोत्तम गाणी कदाचित 'व्हायोलेटर'वर असतील, पण संयोजनाची सर्वात मोठी झेप इथे आहे. माद्रिदजवळ एक बंगला भाड्याने घेऊन तिथेच राहायचं आणि तिथेच रेकॉर्डिंग करायचं, असं ठरलं. गहान अमेरिकेहून लांब केस, गोंदण आणि रॉक संगीताचं वेड घेऊन आला होता. चौघांचं एकमेकांशी धड बोलणं नव्हतं आणि काम पुढे सरकत नव्हतं. पुढे हॅम्बुर्गला गाडी रुळावर आली.

कीबोर्डवादक म्हणून आलेला वाइल्डर इथे ड्रमवर बसला. 'आय फील यू', 'वॉकिंग इन माय शूज', 'इन युवर रूम' यांतले ढोल त्याच्या हातचे आहेत. पण रेकॉर्डिंग जसंच्या तसं वापरलं नाही. खोलीत खरोखर वाजवलेले ड्रम सँपलरमध्ये घ्यायचे, त्यांचे तुकडे करून पुन्हा पुन्हा फिरणारे लूप बांधायचे, सिंथेसायझरच्या फिल्टरमधून गाळायचे आणि मग पुन्हा माणसाने वाजवल्यासारखे मांडायचे. त्यामुळे हे ड्रम ऐकताना नेमकं काय ऐकतोय हे कळत नाही. माणसाचा घाम आहे आणि यंत्राची शिस्तही आहे. पुढच्या दशकात रॉक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या सीमेवर ज्यांनी काम केलं त्यांच्या ठेक्यांमध्ये ही पद्धत जागोजागी दिसते.

'इन युवर रूम'ची अल्बमवरची सहा मिनिटांहून मोठी आवृत्ती ऐका. सिंगलसाठी बुच व्हिगने केलेलं मिक्स वेगळं आहे, ते नंतर ऐका. अल्बमवर गाणं कुजबुजीपासून सुरू होतं आणि दर टप्प्याला ढोल वाढत जातात, जणू खोलीच्या भिंती एकेक करून पडताहेत. सुरुवातीपासूनच सगळं वाजवून मोकळं व्हायचा मोह प्रत्येक संयोजकाला होतो. इथे कित्येक मिनिटं रोखून धरलंय आणि जेव्हा सोडलंय तेव्हा ते पेलवत नाही. या अल्बमने ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिला क्रमांक गाठला.

त्यानंतरचा दौरा १९९३ मध्ये सुरू होऊन १९९४ च्या जुलैपर्यंत चालला आणि त्याने सगळ्यांचाच कस काढला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला वाइल्डर स्कॉटलंडमध्ये लॉखअर्नहेडजवळ गाडी चालवत असताना रॉयल एअर फोर्सचं टॉर्नेडो जातीचं विमान त्याच्यापासून थोड्याच अंतरावर कोसळलं आणि आतले दोघेही मरण पावले. हा प्रसंग पुढे त्याच्या संगीतात आला, त्याकडे येतोच. १ जून १९९५ ला, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्याने बँड सोडल्याचं निवेदन काढलं. कामाचा बोजा सारखा वाटला जात नाही आणि आपण जे केलं त्याची आतून कदर झाली नाही, असा त्याचा सूर होता. ज्यांनी कधी दुसऱ्याच्या गाण्यासाठी रात्री घालवल्या आहेत त्यांना हे निवेदन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्याच्याशिवायचा पहिला अल्बम 'अल्ट्रा', १९९७ चा, निर्माता टिम सिमेनन. हा वाईट अल्बम आहे असं म्हणणं अन्याय होईल. गोअरची काही उत्तम गाणी त्यात आहेत आणि गहान मृत्यूच्या दारातून परत येऊन गायलाय. फरक असा पडला की गाण्यांना वातावरण आहे, प्रवास कमी आहे. जे सुरुवातीला लागतं तेच बऱ्याचदा शेवटपर्यंत राहतं. पुढच्या अल्बमांवर हे जास्त जाणवतं. वाइल्डर गेल्यावर काय गेलं, याचं उत्तर एवढंच आहे, आणि मला ते फार मोठं वाटतं.

आता रिकॉइल. वाइल्डरचा हा स्वतंत्र प्रकल्प बँडमध्ये असतानाच सुरू झाला. १९८६ चा 'वन प्लस टू' हा घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेला प्रयोग होता. डॅनियल मिलरने तो ऐकला आणि म्यूट या रेकॉर्ड कंपनीतून गाजावाजा न करता काढला. १९८८ चा 'हायड्रॉलॉजी' त्याच वाटेवरचा, लांबलचक, शब्दांविना. हे दोन्ही अभ्यास म्हणून ठीक आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करू नका, कंटाळून सोडून द्याल. १९९२ च्या 'ब्लडलाइन'मध्ये पहिल्यांदा पाहुणे गायक आले: कर्व्ह बँडची टोनी हॅलिडे, नित्झर एब बँडचा डग्लस मॅकार्थी, तेव्हा फारसं नाव नसलेला मोबी. त्याच्या आदल्या वर्षी नित्झर एबचा 'एबहेड' हा अल्बम वाइल्डरने फ्लडसोबत केला होता, तोही याच धाग्यातला. 'ब्लडलाइन'वर 'इलेक्ट्रो ब्लूज फॉर बुका व्हाइट' आहे. जुन्या ब्लूज गायकाचा आवाज घेऊन त्याच्याभोवती यंत्रांचं संगीत उभं केलंय. ब्लूजकडे त्याची ही ओढ पुढे वाढतच गेली.

सुरुवात करा १९९७ च्या 'अनसाउंड मेथड्स'पासून. बँडच्या बंधनातून सुटल्यावरचा हा पहिला अल्बम. गायिका शिवॉन लिंच, कवयित्री मॅगी एस्टेप, पुन्हा डग्लस मॅकार्थी, आणि आधीच्या दौऱ्यात डेपेश मोडच्या मागे गाणारी हिल्डिया कॅम्पबेल. गाण्यांना मुखडा-अंतरा असा ठरलेला साचा नाही. 'लशस अपरेटस'मध्ये एस्टेप गात नाही, गोष्ट सांगते. तिच्या बोलण्याच्या खाली संगीत वळणं घेतं, मध्येच थांबतं, तिला बोलू देतं, मग पाठून दबा धरल्यासारखं येतं. बोलण्याला ठेका देणं गाण्याला ठेका देण्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. बोलण्याची लय मोकळी असते, तिला ताणून तालात बसवलं की ती मरते. वाइल्डर तालाला बोलण्याकडे झुकवतो.

त्यानंतर 'लिक्विड', २००० चा. त्या विमान अपघाताचा अनुभव 'ब्लॅक बॉक्स' या दोन भागांच्या रचनेत आहे, अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटी. मधल्या गाण्यांत 'जेझबेल' आवर्जून ऐका. अमेरिकेतल्या गोल्डन गेट ज्युबिली क्वार्टेटचं जुनं समूहगान घेऊन त्याला त्याने नवा देह दिलाय. जुन्या रेकॉर्डिंगचा वेग एकसारखा नसतो, गाणारे आपल्या श्वासाने पुढे-मागे होतात. त्यांना ठोकून सरळ न करता त्यांच्याखाली ठेका बसवणं किती जिकिरीचं आहे, हे ज्याने करून पाहिलंय त्यालाच माहीत. 'स्ट्रेंज अवर्स'मधला गायिका डायमांडा गलासचा आवाज पहिल्यांदा ऐकताना अंगावर येईल, येऊ द्या.

२००७ च्या 'सबह्यूमन'मध्ये टेक्ससचा ब्लूज गायक जो रिचर्डसन आहे, तोच गिटार आणि माउथऑर्गन वाजवतो. काही ठिकाणी कार्ला ट्रेव्हास्किसचा आवाज. गाणी लांब आहेत आणि मला दोन-तीन जागी ती आवरती घ्यायला हवी होती असं वाटतं. रिकॉइलची उणीव हीच आहे: तिथे वाइल्डरला थांबवणारा, 'माझं गाणं साडेचार मिनिटांचंच आहे' म्हणणारा गोअर नाही. पण 'प्रे' हे गाणं ऐकलं की मी ही तक्रार विसरतो. २०१० मध्ये 'सिलेक्टेड' हा निवडक संग्रह आला. घाई असेल तर तो घ्या, पण अल्बमांचा मूळ क्रम त्यात हरवतो आणि वाइल्डरच्या बाबतीत क्रम फार महत्त्वाचा.

तो परत येईल का, असंही विचारतात लोक. १७ फेब्रुवारी २०१० ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, कॅन्सरग्रस्त किशोरांच्या मदतीसाठीच्या मैफलीत, तो 'समबडी' या गाण्यापुरता मंचावर आला आणि गोअरच्या साथीला पियानोवर बसला. १९८४ मध्ये ते गाणं रेकॉर्ड झालं तेव्हाही पियानो त्याचाच होता. २०११ मध्ये त्याने डेपेश मोडच्या 'इन चेन्स'चं रिमिक्स केलं, आणि २०२० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला तेव्हा त्यात त्याचंही नाव होतं. संबंध सुधारले एवढाच याचा अर्थ मी काढतो. जे केलं ते पूर्ण झालेलं आहे, त्याला पुरवणी लागत नाही.

ऐकण्याचा क्रम विचाराल तर 'व्हायोलेटर', मग 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन', मग मागे येऊन 'ब्लॅक सेलिब्रेशन', आणि त्यानंतर 'अनसाउंड मेथड्स'. जमलं तर डेपेश मोडच्या २००६-०७ च्या पुनर्मुद्रित आवृत्त्या मिळवा. त्यांच्यासोबतच्या डीव्हीडीवर प्रत्येक अल्बमच्या घडणीवर एक छोटा माहितीपट आहे, त्यात वाइल्डर स्वतः बोलतो. शिवाय त्याच डीव्हीडीवर सराउंड साउंडमधलं मिक्स आहे. सराउंड यंत्रणा असलेला कोणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडे जा, 'इन युवर रूम' लावा आणि फक्त मागच्या स्पीकरांजवळ बसून ऐका. समोरून गहानचा आवाज पुसट होतो आणि एरवी गाण्याखाली दडलेले थर सुटे सुटे होऊन ऐकू येतात.